मदत हवी आहे: जिबरेलिन दिलं काय, न दिलं काय, वलय तेवढंच!

ओंबी:
परवा प्रॅक्टिकलची फाइल द्यायची आहे, प्लीज लवकर सांगा. गव्हाचे अर्धे दाणे स्टार्च-अगरवर ठेवले. एका प्लेटमध्ये जीए३ (म्हणजे जिबरेलिन, वनस्पतीचं वाढीचं संप्रेरक), दुसरी कंट्रोल, जीएशिवाय. दोन दिवसांनी आयोडीन ओतलं, तर दोन्हीकडे दाण्याभोवती सारखंच फिकं वलय (तिथला स्टार्च पचलेला), बाकी प्लेट निळीकाळी. तीनदा केलं. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजचा जीन जिबरेलिनने चालू होतो हे दाखवू कसं?

रानमाळ:
वाण कुठलं? जीए किती? अर्धा म्हणजे कुठला अर्धा?

ओंबी:
शेंडीकडचा अर्थात, भ्रूण काढूनच. जीए १ मायक्रोमोलर. घरातला लोकवन.

बुटका गहू:
गहूच सोडा. हरितक्रांतीचे बुटके गहू नोरिन-१० या जपानी बुटक्या वाणाच्या वंशातले. आरएचटी जीन बदलल्यामुळे त्यांचं डेला प्रथिन (जिबरेलिनच्या कामाला लागलेला ब्रेक) जिबरेलिनला दाद देत नाही. जव घ्या.

रानमाळ:
ते खोडाच्या उंचीबाबत खरं. आरएचटी-१, आरएचटी-२ असले तरी दाण्याचा ॲल्युरोन थर (स्टार्चभोवतीचा, अमायलेज बनवणारा) बऱ्यापैकी प्रतिसाद देतो. टॉम थंब गव्हातल्या आरएचटी-३ ने मात्र तो थरही ढिम्म होतो. आणि ओंबीची अडचण उलटी आहे, जिबरेलिन न देताच स्टार्च पचतोय!

बुटका गहू:
तरी प्रयोगाला जवच बरा. मी एमएस्सीला जवावरच केलं, पहिल्या खेपेला जमलं.

द्राक्षबाग:
आम्ही घड लांबवायला जीए मारतो. पावडर नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या ॲसिटोनमध्ये घ्या.

रानमाळ:
ओंबी, दाणे कापण्याआधी भिजवले होते का?

ओंबी:
हो, सगळेच भिजवतात ना? रात्रभर पाण्यात, मग दिवसभर ओल्या फडक्यात. कोरडा दाणा ब्लेडखालून टणकन उडतो.

रानमाळ:
तिथेच सापडलं. फडक्यात असताना भ्रूणाने स्वतःचं जिबरेलिन ॲल्युरोनला पोचवलं. ते जीआयडी-१ या ग्राहीला चिकटलं की डेला प्रथिन मोडीत निघतं. त्याने दाबलेला गॅमिब जीन मोकळा होतो आणि त्याचं प्रथिन अमायलेजचा जीन चालू करतं. तुम्ही भ्रूण काढलात तो निरोप पोचल्यावर. दाणे कोरडेच कापा, मग हायपोक्लोराइटने धुवा (जिवाणूही स्टार्च खातात), मग भिजवा. तिसऱ्या प्लेटमध्ये जीएसोबत एबीए (ॲब्सिसिक आम्ल, जिबरेलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक) घाला, वलय दबेल.

काळी माती:
मध्येच विचारतो. काढणीला पाऊस आला की ज्वारीला कणसातच कोंब फुटतात, ते याच्यामुळेच का? काय फवारावं?

रानमाळ:
नातं आहे. दाण्याला झोपवून ठेवतं ते एबीए. मक्यात व्हीपी-१ जीन बिघडला की दाणा एबीएचं ऐकत नाही, कणसातच उगवतो. फवारणीच्या मागे लागू नका, वेळेवर काढणी करा.

ओंबी:
आत्ता वीस दाणे कोरडे कापले, सहा फुटले. एबीए विभागात आहे का ते सकाळी बघते. ब्लेड कुठलं वापरता तुम्ही?