माळावर नेलं तर काम कोण देणार?

सुटलेल्या कैद्यांचं निवासगृह बाजारपेठेला लागून नको, गिऱ्हाईक तुटेल, गावाबाहेर माळावर बांधा, असं वर बऱ्याच जणांनी लिहिलंय. धास्ती मला कळते, माझंही दुकान आहे. पण माळावर ठेवलेल्या माणसाला काम कोण देणार? आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा विषय इथे कुणी काढला नाही. औंध संस्थानात १९३९ साली सुरू झालेली ही खुली वसाहत. कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करतात. आणि ते तर शिक्षा भोगत असलेले. आपण बोलतोय शिक्षा पूर्ण केलेल्यांबद्दल!

माझ्या हार्डवेअरच्या दुकानात सात वर्षं आत काढून आलेला एकजण चार वर्षं कामाला आहे. सुरुवातीला तो गल्ल्याकडे फिरकायचाच नाही, सुट्टे द्यायचे तरी मला हाक मारायचा. त्याला कामावर घ्यायचं ठरवायला मला दोन दिवस लागले, त्याला भाड्याची खोली मिळायला तीन महिने. तोवर एसटी स्टँडवर झोपायचा, तिथल्याच नळावर तोंड धुऊन साडेनऊला शटरपाशी हजर. असं निवासगृह तेव्हा बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं होतं, म्हणून माझं मत जागेच्या बाजूने आहे.