चर्चा धागा : पाणलोटाचा उपग्रह नकाशा आधी ग्रामसभेत यावा की कामे ठरल्यावर?

बरडवावर (यवतमाळ जिल्हा)

आमचे शिवार बेसाल्टच्या टेकडीच्या उतारावर आहे. माथ्यावर ई-क्लासची, म्हणजे सरकारी मालकीची, गुरचरण, तिच्याखाली बरड वावरे आणि नाल्यालगत काळी जमीन. येथे पाणलोटाची कामे आजवर तीनदा झाली, आणि तिन्ही वेळा नकाशा गावात पोहोचला तो कामांची ठिकाणे ठरून गेल्यानंतर. मागच्या खेपेस ज्या जागी सिमेंट नाला बांध घातला, तिथे नकाशावर ओहोळाची ठळक निळी रेघ होती. प्रत्यक्षात पांदण रस्ता उंच करून त्याखाली मोरी टाकली, तेव्हापासून ते पाणी तिरपे वळून शेजारच्या वावरातून वाहते, आणि गुरे चारणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होते. बांध पहिल्याच पावसाळ्यात कोरडा राहिला. शेजारच्या वावरातील माती मात्र वाहत राहिली.

अशा नकाशांतील ओहोळ बहुतेक वेळा उपग्रहावरून मिळालेल्या उंचीच्या आकड्यांवरून संगणकाने काढलेले असतात. हे आकडे तीस मीटरच्या चौकटीचे असतील, तर एका चौकटीत नऊशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे जमीन येते आणि त्या सगळ्या जमिनीला उंचीचा एकच आकडा मिळतो. त्यात धुरा, म्हणजे वावराचा बांध, दिसत नाही, मोरी दिसत नाही, आणि मोजणीनंतर उंचावलेला रस्ता तर दिसणे शक्यच नाही.

तरीही नकाशा टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ठिकाणे ठरण्यापूर्वी तो गट क्रमांकांसह मोठ्या कागदावर छापून ग्रामसभेत पसरावा, लोकांनी त्यावर पेन्सिलने दुरुस्त्या कराव्यात, आणि तो दुरुस्त नकाशा ठरावाला जोडल्याशिवाय अंदाजपत्रक तयार होऊ नये. आज तंत्रज्ञान गावापर्यंत येते ते शेवटच्या टप्प्यावर, मोबाईलवरून काढलेल्या अक्षांश-रेखांशासह छायाचित्राच्या रूपाने. त्या छायाचित्राने काम झाले एवढे सिद्ध होते, जागा योग्य होती हे सिद्ध होत नाही.

उतार (अमरावती)

बरडवावर भाऊ, आपल्या बांधाचे जे झाले ते चूकच आहे, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी या कामांत अनेक वर्षे घालवली आहेत आणि शिवारफेरीत काय घडते ते जवळून पाहिले आहे. ज्याची विहीर नाल्याकाठी आहे तो बांध आपल्या विहिरीच्या खालच्या अंगाला मागतो, ज्याचा आवाज मोठा त्याची जागा आधी लिहिली जाते, आणि माथ्यावरचे सलग समतल चर (पाणी अडवून मुरवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर) मागायला कोणीच उभे राहत नाही, कारण माथा कोणाच्या सातबारावर नसतो. ‘माथा ते पायथा’ हा क्रम गावकऱ्यांच्या मागणीतून आपोआप येत नाही. तो नकाशा समोर असेल तरच राखता येतो.

शिवाय पाण्याचा हिशेब अनुभवावरून होत नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. पाचशे हेक्टरच्या पाणलोटात 50 मिलिमीटरचा एकच पाऊस झाला तर 25 कोटी लिटर पाणी पडते, आणि त्यातील किती मुरेल व किती वाहील हे मातीची खोली, उतार आणि जमिनीवरील आच्छादन यांच्या नकाशाशिवाय काढता येत नाही. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईची मदत घेतली गेली ती याच कारणाने. ग्रामसभेच्या पेन्सिलीने ठिकाणे बदलू लागली, तर पुन्हा मोठ्या आवाजाचेच राज्य येईल.

धुरा (अकोला जिल्हा)

उतार दादा, मोठ्या आवाजाची गोष्ट आपण खरी सांगितली, पण त्या आवाजावर उपाय म्हणून आपण निर्णय कार्यालयात नेत आहात. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे शिवारफेरी सकाळी दहाला निघायची, तेव्हा आम्ही बाया निंदणाला गेलेल्या असायच्या. एका वर्षी छापील नकाशा संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात जमिनीवर अंथरला गेला. आधी नदी आणि गावठाण दाखवले, मग हळूहळू प्रत्येकीने आपले वावर शोधले, आणि कोणत्या लवणात पाणी साचून तूर जळते, कुठली विहीर मार्चमध्येच आटते, हे आम्ही बोट ठेवून सांगितले. ज्या बायका सभेत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, त्यांना नकाशाभोवती बसून बोलता आले, कारण तिथे उभे राहावे लागत नव्हते.

याआधी गावाचे नकाशे रांगोळीने अंगणात काढले जात. त्यात आमचे सगळे ज्ञान यायचे, पण संध्याकाळपर्यंत रांगोळी पुसली जायची आणि कार्यालयाच्या फाईलमध्ये त्यातले काहीच राहत नसे. छापील नकाशावरची खूण राहते, म्हणून मला तो हवा आहे.

एक गोष्ट मात्र दोघांनीही लक्षात घ्यावी. आमचा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येतो. येथे भूजलच खारे आहे, त्यामुळे वाहते पाणी दिसले की ते मुरवायचे हा नियम सरसकट लावता येत नाही, आणि नुसता उताराचा नकाशा हे सांगत नाही.

पाळ (भंडारा जिल्हा)

पूर्वेकडची बाजू मांडतो. आमच्याकडे पाणलोटाचा प्रश्न माजी मालगुजारी तलावांशी, म्हणजे मालगुजारांच्या काळात सिंचनासाठी बांधलेल्या जुन्या तलावांशी, बांधलेला आहे. उपग्रहाची 1980च्या दशकापासूनची चित्रे उपलब्ध आहेत आणि त्यांवरून तलावाच्या वरच्या भागातील झाडोरा कसा विरळ होत गेला, हे तरुणांना दाखवता येते. पण त्याच चित्रांवर तलावाच्या पाण्याचा पसारा पाहून ‘तलाव भरलेला आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. पसारा तोच राहतो आणि तळाशी गाळ साचत जातो. वरून पाहणाऱ्याला खोली कळत नाही. ती कळते पाण्यात उतरणाऱ्या ढिवराला, म्हणजे मासेमाराला, आणि धानाला शेवटचे पाणी मिळाले नाही अशा पाटाच्या टोकाच्या शेतकऱ्याला. म्हणून मी बरडवावर यांच्या बाजूचा आहे.

गुरचरण (वाशीम जिल्हा)

मी दोन्ही बाजूंना विरोध करतो आहे. ई-क्लास जमिनीवर आमची काही भूमिहीन कुटुंबे दोन पिढ्या पीक घेत आहेत. नकाशा सभेत पसरला की पाणलोटाची चर्चा बाजूला राहते आणि त्या वहितीवर बोट जाते. रांगोळी पुसली जात होती, हा धुरा ताईंना तोटा वाटतो. आमच्यासाठी ते संरक्षण होते. वन हक्क कायद्याच्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली, तेव्हा उपग्रह चित्रे ही इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, असे स्पष्ट लिहावे लागले. ते का लिहावे लागले याचा विचार करावा.

बरडवावर (यवतमाळ जिल्हा)

गुरचरण भाऊंचा आक्षेप माझ्या मूळ मांडणीत नव्हता आणि तो मला मान्य करावा लागतो. पाणलोटाच्या नकाशावर फक्त उतार, ओहोळ, मातीची खोली, विहिरी आणि गट क्रमांक असावेत. वहितीची सीमा त्यावर काढू नये आणि त्याचा उपयोग अतिक्रमणाच्या कारवाईसाठी होणार नाही, असे त्याच ठरावात लिहावे. आपण उल्लेखिलेला नियम मला येथेही लावावासा वाटतो : उपग्रहाने सांगावे, शिवाराने तपासावे, आणि दोहोंत फरक आला तर दोघांनी मिळून त्या जागी जाऊन पाहावे.

उतार भाऊंना एवढेच सांगतो की, पेन्सिलीने ठिकाण बदलले तर बदलाचे कारण त्याच नकाशावर लिहिले जाईल. कोणी आपल्या विहिरीसाठी बांध ओढला असेल तर ते सगळ्यांना वाचता येईल. आज तसे वाचता येत नाही.

उतार (अमरावती)

कारण लिहिण्याची अट मला पटते. पण ठराव झाल्यावर माथ्यावरचे चर वगळले गेले तर काय, याचे उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम आहे. किमान माथ्याची कामे सभेला वगळता येणार नाहीत, असे बंधन हवे.

धुरा (अकोला जिल्हा)

ते बंधन मलाही चालेल, दादा, फक्त माथ्यावर गुरे आणि शेळ्या चारणाऱ्यांना विचारून चर कोणत्या वर्षी कोणत्या तुकड्यात घ्यायचे ते ठरवू द्या. आमच्या गावात 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी संध्याकाळी पुन्हा नकाशा अंथरण्याचे ठरले आहे. पावसाळ्यातली ढगाळ चित्रे कामाची नसतात, म्हणून मागच्या मे महिन्याचे चित्र छापून आणणार आहोत. बरडवावर भाऊ, आपल्याकडच्या त्या मोरीसारखी खूण नकाशावर कशी करावी, ते कळवले तर आम्हीही आमच्या मोऱ्या आधी मोजून ठेवू.