छोट्या फ्रान्सिस टर्बाइनला व्हायब्रेशन मॉनिटरिंग: नेमकं काय घ्यावं?

शिफ्टवाला_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पायथ्याशी आमचं छोटं वीजघर आहे. उभ्या शाफ्टची दोन फ्रान्सिस युनिट्स (पाण्यावर फिरणारं टर्बाइन आणि त्याला जोडलेला जनरेटर), ३०० आरपीएम. पावसाळ्यात फुल लोडला मशीन एकदम शांत. उन्हाळी आवर्तनात के. टी. (कोल्हापूर टाइप) बंधाऱ्यांपुरतंच पाणी सोडायचं असतं, तेव्हा निम्म्या लोडवर ड्राफ्ट ट्यूबमधून (टर्बाइनखालून पाणी बाहेर नेणारी नळी) धडधड येते आणि मेगावॉटचा काटा झुलत राहतो. शिरोली एमआयडीसीतल्या मित्राकडून ब्लोअरचा हँडहेल्ड मीटर आणून बेअरिंगला लावला, तर रीडिंग अगदी हिरव्यात! ऑनलाइन सिस्टिमची कोटेशन्स आलीत, आकडे बघून मालक गप्प झालेत. काय घेऊ?

फिटर_गोकुळशिरगाव
भावा, त्या मीटरला ही धडधड ऐकूच येणार नाही. असले मीटर बहुतेक १० ते १००० हर्ट्झमध्ये मोजतात. तुझा शाफ्ट सेकंदाला ५ फेरे घेतो. निम्म्या लोडला रनरखाली, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाखाली, पाण्याचा पिळा फिरतो, व्होर्टेक्स रोप म्हणतात तो, त्याची गती शाफ्टच्या साधारण ०.२ ते ०.४ पट. म्हणजे १ ते २ हर्ट्झ. ब्लोअरवाल्याला याचं काय घेणंदेणं?
प्रत्येक गाइड बेअरिंगला (शाफ्टला जागेवर धरणारं) ९० अंशांत दोन प्रॉक्सिमिटी प्रोब (शाफ्ट किती हलतो ते न टेकता मोजणारे), एक की-फेजर (दर फेऱ्याला एक खूण देणारा सेन्सर), आणि ड्राफ्ट ट्यूबच्या कोनला एक प्रेशर ट्रान्समीटर, पण झटपट प्रतिसाद देणारा. हा शेवटचा स्वस्तातला, पण सगळ्यात जास्त बोलतो. सेन्सर किती हर्ट्झपासून मोजतो ते लेखी घे, तोंडी नको.

निवृत्त_ऑपरेटर
खरेदीआधी चाचणी करा साहेब. एक्सायटेशन (जनरेटरच्या चुंबकांना दिलेली वीज) न देता वेग वाढवत न्या. वेगाबरोबर कंप झपाट्याने वाढला तर अनबॅलन्स. एक्सायटेशन देताच उडी मारली तर एअर गॅप (रोटर आणि स्टेटरमधली फट) बघा, चुंबकीय ओढ आहे. आणि फक्त लोड बदलल्यावर बदलत असेल तर खोट पाण्याकडची. तुमची लक्षणं या तिसऱ्याचीच वाटतात.
हेड कव्हरच्या (टर्बाइनवरचं झाकण) स्टडचं, म्हणजे ते धरणाऱ्या बोल्टांचं, अल्ट्रासॉनिक तपासणं कधी झालंय? रशियात सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी हेच स्टड फटीगने (वारंवारच्या ताणाने) तुटले, ७५ माणसं गेली. ते युनिट नको त्या लोडच्या पट्ट्यातून वारंवार ये-जा करत होतं. तुमचं मशीन त्यापुढे लहान आहे, मान्य. स्टड तरी बघून घ्या.

नदीकाठचा
दोन्ही युनिट्स निम्म्यावर कशाला? तेवढ्याच पाण्यात एक पूर्ण लोडवर चालवा की. खर्च शून्य!

शिफ्टवाला_कोल्हापूर
आठवड्यातले बरेच दिवस तसं जमेल. पण कधीकधी एकालाही निम्मंच पाणी मिळतं, तेव्हा?

फिटर_गोकुळशिरगाव
मग हवा सोड. रनरखाली हवा घ्यायचा व्हॉल्व्ह असेल तर तो अडकलाय का बघ. बऱ्याच ठिकाणी गंजून बसलेला असतो. हवा गेली की पिळ्याचा मार कमी होतो, कार्यक्षमता थोडी घटते, तेवढं सोसायचं.

निवृत्त_ऑपरेटर
अलार्मसाठी आयएसओ २०८१६-५ (जलविद्युत यंत्रांच्या कंपनाचं मानक) बघा, पण त्यातले आकडे नेहमीच्या लोडच्या पट्ट्याचे आहेत. निम्म्या लोडला ते जसेच्या तसे लावू नका. आधी दर १० टक्के लोडला प्रोबचं आणि प्रेशरचं रीडिंग वहीत उतरवा, ती तुमची मूळ नोंद. ट्रिप (युनिट आपोआप थांबवणं) सुरुवातीला बंद ठेवून नुसता अलार्म, तोही वेळ देऊन. नाहीतर स्टार्टला रोज युनिट पडेल, आणि कोणीतरी वैतागून वायरच काढून ठेवील.