पऱ्हाटीची तलवार, टोकदार फासा आणि लपवलेली दुखापत : खेळ बंद न करता काय करता येईल?

वाचनालय_आर्वी (प्रश्न)

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात एका लहान गावाचे वाचनालय मी सांभाळतो. गेल्या वर्षापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी नऊ ते पंधरा वर्षांची वीसेक मुले येथे जमतात आणि एक कथा रचून, त्यातली पात्रे होऊन खेळतात. अर्धा खेळ सतरंजीवर चालतो. तेथे मुलांनीच काढलेला नकाशा असतो, सोंगट्या असतात आणि माझ्या भाच्याने पुण्याहून आणलेले चार, आठ, बारा व वीस बाजूंचे फासे असतात. सतरंजीवर लढाई ठरली की उरलेला अर्धा खेळ गावालगतच्या पडीक वावरात प्रत्यक्ष होतो. वाचनाकडे कधी न वळलेली मुले या खेळामुळे पुस्तके मागू लागली आहेत, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

होळीनंतरच्या दीड महिन्यात मात्र तीन दुखापती झाल्या. एका मुलीचा पाय सतरंजीवर पडलेल्या चार बाजूंच्या टोकदार फाशावर पडला, ती कळवळून उडाली आणि तोल जाऊन हातावर आपटली. मनगट मुरगळले असे आम्ही समजलो, पण क्ष-किरण तपासणीत हाडाला चीर निघाली. एका मुलाचा पाय वावरातल्या भेगेत अडकून घोटा सुजला. तिसरी दुखापत मला अजून झोपू देत नाही. तलवार म्हणून घेतलेल्या वाळलेल्या पऱ्हाटीचे (कपाशीच्या काडीचे) टोक अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याला लागले आणि त्याने ते दोन दिवस कोणालाही सांगितले नाही. मोठ्या भावाने गावातल्या दुकानातून कसलेसे थेंब आणून घातले. तिसऱ्या दिवशी आईला डोळ्याच्या काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हा त्याला सेवाग्रामच्या रुग्णालयात नेले. बुरशीचा संसर्ग निघाला असून औषध गेले तीन आठवडे सुरू आहे. का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही खेळ बंद केला असता."

येत्या रविवारी पालकांची बैठक आहे आणि खेळ बंद करावा असे बहुतेकांचे मत आहे. मला तो चालू ठेवायचा आहे, परंतु मुलांच्या जिवावर उदार होऊन नव्हे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त_नेत्रचिकित्सा_अधिकारी

सर, मी विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांत नोकरी केली आणि कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटी, तुऱ्हाटी (तुरीची काडी), बाभळीचा काटा, ज्वारीचे पान यांनी डोळा दुखावलेले रुग्ण सतत पाहिले. त्यातले बहुतेक शेतात काम करणारे असत, काही खेळणारी मुले असत, पण इजा एकच असे. झाडपाल्याचा ओरखडा हा नखाच्या किंवा कागदाच्या ओरखड्यासारखा समजू नये, कारण वाळलेल्या काडीवर बुरशी असते आणि ती बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या जखमेत रुजते. पहिल्या दिवशी डोळा थोडा लाल होतो, पाणी येते, काहीतरी खुपते, एवढेच दिसते. मग दुखणे वाढते, उजेड सहन होत नाही आणि पांढरा ठिपका दिसू लागतो. तो दिसेपर्यंत उपचाराचे सर्वांत सोपे दिवस निघून गेलेले असतात.

भावाने आणलेल्या थेंबांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ही चूक मी शेकडो घरांत पाहिली आहे. लाल डोळ्यासाठी दुकानातून सहज दिल्या जाणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते आणि बरे वाटते, पण शरीराची प्रतिकाराची ताकद त्या जागी कमी होते व बुरशी मोकळेपणाने पसरते. त्यामुळे घरात उरलेली बाटली, शेजाऱ्यांची बाटली, मध, एरंडेल, दूध यांतले काहीही डोळ्यात घालू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू देऊ नये, काडीने लागलेल्या डोळ्यावर पट्टी बांधून तो बंद करून ठेवू नये आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. ते फ्लुरोसिनची पट्टी लावून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा साध्या नजरेला न दिसणारा ओरखडा हिरवा चमकतो. बुरशी निघाल्यास बहुधा नाटामायसिनचे थेंब देतात आणि ते कित्येक आठवडे नेमाने घालावे लागतात. तुमच्या मुलाचे औषध डोळा बरा दिसू लागल्यावरही डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबवू देऊ नका. याच टप्प्यावर घरचे लोक कंटाळतात.

दोन इजा याहून तातडीच्या आहेत. इट्टी (विटी), चेंडू किंवा दांड्याचा मुका मार बसून बुबुळापुढे रक्त साचलेले दिसले, तर मुलाला डोके उंच ठेवून निजवावे, ॲस्पिरिन देऊ नये आणि तत्काळ न्यावे. डोळ्यात काही रुतलेले असेल तर ते उपसू नये, डोळा धुऊही नये. कागदी पेल्याने तो भाग दाब न देता झाकावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

जत्रेतले काळे चष्मे संरक्षणासाठी घालण्याची सूचना बैठकीत कोणी करील. ती मानू नका. ते फुटून तुकडे डोळ्यात जातात. वेल्डिंगच्या व हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक चष्मे चालतील. पण माझ्या मते वाळलेली काडी खेळातून कायमची काढणे हाच पहिला उपाय आहे.

---

नागपूर_फासेकरी

मी मूळचा तुमच्याच जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त नागपुरात असतो आणि आम्ही काही मित्र असे खेळ नियमित खेळतो. भूमिका घेऊन फाशांवर खेळायचा हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाल्यापासून रुळला आणि त्याला प्रत्यक्ष मैदानी रूप देणारा एक प्रसिद्ध खेळ १९८२ साली इंग्लंडमधील पेकफर्टन नावाच्या किल्ल्यात सुरू झाला. मैदानी खेळणाऱ्यांनी शस्त्रांचे काही नियम मार खाऊनच ठरवले आहेत. ते आपल्याला आयते घेता येतील.

तलवारीचा गाभा कडक असला तरी बाहेरून जाड फोम हवा. विजेच्या वायरिंगची पोकळ प्लास्टिक नळी घ्यावी आणि तिच्यावर एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळणारी तांब्याच्या नळीवर चढवायची काळी मऊ नळी चढवावी. खरी काळजी टोकाची घ्यायची असते. फोम आतून फाटत जातो आणि एके दिवशी नळी टोकातून बाहेर येते. म्हणून नळीचे तोंड रबरी बूच व चिकटपट्टीने आधी बंद करावे, त्यापुढे किमान चार बोटे फोम मोकळा ठेवावा, आणि प्रत्येक संध्याकाळी खेळ सुरू होण्यापूर्वी एका मोठ्या माणसाने प्रत्येक तलवारीचे टोक अंगठ्याने दाबून पाहावे. आतले कडक टोक अंगठ्याला जाणवले, तर ती तलवार त्या दिवशी बाद. आपल्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते, त्यामुळे तलवारी टिनाच्या छपराखाली ठेवू नयेत. डोके, चेहरा, मान व जांघ यांवर वार नाही आणि भोसकणे तर मुळीच नाही. या दोन नियमांना आमच्याकडे अपवाद नाही.

तिकडे कोणालाही लागले किंवा चष्मा पडला की एक ठरलेला शब्द ओरडतात आणि सगळे जागच्या जागी थांबतात. आपल्या मुलांना हा शब्द शिकवण्याची गरजच नाही, कारण त्यांच्याकडे 'टाइमप्लीज' आहे. लगोरीत आणि रेस्टीपमध्ये तो आपण सगळ्यांनी वापरला आहे. फक्त एक बदल करावा : टाइमप्लीज म्हणणाऱ्याचा डाव जाणार नाही, गुण कापले जाणार नाहीत आणि दुसऱ्यासाठीही तो कोणी म्हणू शकेल.

सतरंजीवरच्या अपघातांची लोक दखल घेत नाहीत, पण तेही खरे आहेत. चार बाजूंचा फासा कसाही पडला तरी त्याचे एक टोक वरच राहते, म्हणून तो पायात शिरतो. फासे परातीत किंवा काठ असलेल्या ताटातच टाकावेत आणि उठण्यापूर्वी मोजून डबीत भरावेत. धातूचे फासे मुलांच्या हाती देऊ नयेत. मुले तासभर मांडी घालून बसतात, पाय बधिर होतात आणि एकदम उठून धावताना पडतात. तुमच्या त्या मुलीचे असेच तर झाले नाही ना, हे विचारून पाहा. कॅरमही होत असेल तर बोरिक पावडर फुंकू देऊ नये, ती डोळ्यात झोंबते.

---

यवतमाळची_आई

माझ्या मुलीचा एक डोळा बारा वर्षांपूर्वी इट्टी लागून गेला. म्हणून मला या विषयावर लिहिण्याचा अधिकार आहे असे मी समजते. दादा, तुमच्या प्रश्नातले त्या लेकराचे वाक्य वाचून मी बराच वेळ बसून राहिले, कारण माझी मुलगीही घरी येऊन तोंड धुऊन अंथरुणावर पडली होती. इट्टी खेळल्याबद्दल मी तिला आदल्याच आठवड्यात मारले होते.

बैठकीत पालकांना हे सांगा. खेळ बंद केल्याने पऱ्हाट्या गावातून जाणार नाहीत. त्या प्रत्येकाच्या अंगणात सरपण म्हणून रचलेल्या आहेत. मुले सगळ्यांच्या नजरेआड धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) खेळतील आणि लागले तर नक्कीच लपवतील. तुमच्याजवळ खेळताना निदान कोणीतरी पाहणारे आहे. माझी एकच विनंती आहे. खेळ संपल्यावर प्रत्येक मुलाला दिव्याखाली उभे करा, दोन्ही डोळे पाहा, हात-पाय पाहा आणि नाव घेऊन विचारा. सगळ्यांना एकदम विचारले तर कोणीही बोलत नाही. ज्याने सांगितले त्याला रागावू नका, इतरांसमोर शाबासकीही देऊ नका. फक्त पुढचे जे करायचे ते करा. लागल्याचे सांगणे इतके साधे होऊ द्या, की त्याचे मुलांना काहीच वाटू नये.

---

वडसा_रंगकर्मी

झाडीपट्टीच्या नाटकांत मी अनेक हंगाम तलवारबाजीची दृश्ये केली आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळे गाव, वेगळा मंच, रात्रभराचा प्रयोग आणि थकलेले शरीर असते. तेथे लागू नये म्हणून आम्ही जे करतो ते मुलांनाही जमेल. वार अंगावर नव्हे तर समोरच्याच्या तलवारीवर करायचा. वार उचलण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत पाहायचे आणि तो तयार दिसला तरच हात खाली आणायचा. प्रत्येक लढत आधी अगदी संथपणे, एक-दोन-तीन-चार मोजत बसवायची. तुमच्या खेळात निकाल फाशाने लागतोच, तर मग कोण जिंकणार हे सतरंजीवर ठरवून घ्या आणि वावरात ती लढत बसवलेल्या दृश्यासारखी करा. जिंकण्यासाठी मारण्याचे कारणच उरणार नाही.

माझ्या हातून एकदा लाकडी तलवार घामाने निसटून पुढच्या रांगेत गेली होती. सुदैवाने ती एका गृहस्थांच्या खांद्यावर आपटली. तेव्हापासून मुठीला सुतळी गुंडाळल्याशिवाय मी तलवार हातात घेतलेली नाही, आणि प्रेक्षक व मंच यांत दहा पावलांची जागा मोकळी ठेवायला लावतो. तुमच्याकडेही लहान भावंडे कडेला उभी राहून पाहत असतील. त्यांच्यासाठी चुन्याची रेघ आखा.

---

शेतातला_शिक्षक

घोट्याबद्दल थोडेसे. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि संधिप्रकाशात त्या दिसत नाहीत. मार्च ते जून वावराऐवजी शाळेचे मैदान किंवा खळ्याची चोपलेली जागा घ्यावी. वेळही बदलावी लागेल, कारण एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा संध्याकाळी पाचलाही ऊन धावण्याजोगे नसते. सकाळी आठच्या आत आटोपावे. घोटा मुरगळल्यास पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नये. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेले कापड ठेवून पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबून दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावीच. मुलांचे मनगट फारसे न सुजताही हाडाला चीर असू शकते, कारण कोवळे हाड पूर्ण न मोडता वाकते. धनुर्वाताची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. किती मुलांची राहिली आहे हे आशाताईंकडून एकदा तपासून घ्या.

---

वाचनालय_आर्वी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. आज बैठक झाली. यवतमाळच्या ताईंची परवानगी गृहीत धरून त्यांचा मजकूर मी नाव न सांगता वाचून दाखवला आणि त्यानंतर काही वेळ कोणीच बोलले नाही. खेळ पंधरा दिवस थांबवून पुन्हा सुरू करण्याचे ठरले आहे. या काळात मुले व पालक मिळून फोमच्या बारा तलवारी करतील, मुठींना सुतळी गुंडाळतील, आणि जुन्या पऱ्हाट्या एका आजींनी चुलीसाठी नेल्याही. खेळ सकाळी शाळेच्या मैदानावर होईल. लढती बसवून करण्याची कल्पना मोठ्या मुलांना आधी रुचली नाही, पण दृश्य आपणच रचायचे आहे हे कळल्यावर त्यांनी वही काढली.

त्या मुलीला मी विचारले. तिचा पाय खरोखरच बधिर झाला होता आणि फासा टोचल्यावर तिला दुसरा पाय टेकता आला नाही. आता दर अर्ध्या तासाने सगळे उठून वाचनालयाला एक फेरी मारतील.

ज्या मुलाच्या डोळ्याला लागले, त्याचा ठिपका लहान होत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, परंतु नजर किती परत येईल हे अद्याप कळायचे आहे. त्याला डॉक्टरांच्या परवानगीपर्यंत धावायचे नाही. त्याने स्वतःहून मागितले म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहून टाइमप्लीज पुकारण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे. थेंबांच्या वेळा त्याने नकाशाच्या मागे लिहून ठेवल्या आहेत आणि सकाळचे थेंब तो वाचनालयात माझ्यासमोर घालतो.