मेफ्लायच्या पंखकोंबाखाली कायरोनोमिड अळी: परजीवी की नुसती स्वार? मदत हवी आहे

डोंगरातल्या वेगवान ओढ्यातून दगडांखालची हेप्टाजेनिड कुळातल्या मेफ्लायची (पाण्यात वाढणाऱ्या एका कीटकाची) पिल्लं गोळा केली आहेत. त्यातल्या काहींच्या पंखकोंबाखाली (पुढे पंख होणाऱ्या उंचवट्याखाली) कायरोनोमिडची, म्हणजे न चावणाऱ्या डासासारख्या माशीची, अळी आडवी वळून बसलेली आहे, रेशमी आवरणात, इतकी घट्ट की वरून कोंब जरासा फुगलेलाच दिसतो. पाठीवर मोकळी फिरणारी एकही नाही.

जागा आणि यजमान पाहून पहिला संशय सिम्बिओक्लॅडियस या कायरोनोमिड प्रजातीचा येतो. तो यजमानाचं शरीरद्रव शोषतो. पण नॅनोक्लॅडियस या दुसऱ्या कायरोनोमिड प्रजातीच्याही काही जाती जलकीटकांच्या अंगावर राहतात, म्हणून नुसत्या जागेवरून नाव द्यायला मन धजत नाही.

एका अळीचं डोकं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करून स्लाइडवर घेतलं, पण ते तिरपं बसलं आणि मेंटमचे (तोंडाखालच्या दातेरी पट्टीचे) दात मोजता आले नाहीत. सुई लावून अळी सोडवायला गेलं की आवरणासकट कोंबच फाटतो. यजमानावर जखम होती की ती सुईची, हेही मग कळत नाही.

सगळे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये आहेत, त्यामुळे अळ्या वाढवून प्रौढ मिळवणं शक्य नाही. डीएनए तपासणीची सोय नाही. स्टिरिओ आणि साधा, दोन्ही सूक्ष्मदर्शक आहेत. शिल्लक अळ्या मोजक्याच, म्हणून पुढची उघडण्याआधी विचारतोय.

कोंब न फाटता अळी कशी सोडवावी? आणि ती यजमानावरच पोसत होती हे ठरवायला आतड्यातला ऐवज पाहावा, मुखांगं पाहावीत, की कोंबाखालचा व्रण?