रामन राघवला 'पाहिलेलं' तुमच्या घरात कोणी आहे का?

मालाडकर
परवा रात्री लाईट गेली. उकाड्याने जीव जात होता, तरी आईने उठून खिडकीची कडी लावलीच. आईची ऐंशी उलटलीय. म्हणाली, "अडुसष्टला अशाच झोपायचो आम्ही." तेव्हा बैठ्या चाळीत राहायचे. झोपलेल्या माणसांच्या डोक्यात घाव घालून खून करणारा रामन राघव तेव्हा मुंबईत मोकाट होता. पहाटे नळावर तिने त्याला पाहिलं म्हणते. उंच, हातात कांब. शेजारच्या काकूंनी त्याच पहाटे बुटका, लुंगीवाला पाहिला! दोघी कायम आपल्या म्हणण्यावर ठाम. आई खोटं बोलणारी नाही. पण तो तोच होता का? तुमच्याकडे काय सांगायचे?

गोरेगाव_पूर्व
वाडीत आळीपाळीने गस्त असायची. एका भिकाऱ्याला धरून बेदम मारलं, पोलिसांनी सोडवला. बाबांना अजून रडू येतं. "सगळे म्हणाले तोच, म्हणून मीही म्हणालो तोच."

कुकर_लावलाय
शिट्टी होईपर्यंत लिहिते. सासरे पोलिसात होते. रोज माणसं यायची, 'आम्ही पाहिलं' सांगायला. ते एकच विचारायचे, "उजेड कुठला होता?" निम्मे तिथेच गप्प. आणि जे वाचले त्यांना तरी काय विचारणार? झोपेत, काळोखात डोक्यात घाव बसलेला. शेवटी कामाला आला जुना फोटो. आधी एकदा पकडून पुराव्याअभावी सोडला होता ना, तेव्हाचा. २७ ऑगस्टला सब-इन्स्पेक्टर फियालोंनी त्यावरूनच ओळखला. झाली शिट्टी

बदलापूर_लोकल
चिकन खाल्ल्यावरच तोंड उघडलं ना त्याने?

कुकर_लावलाय
हो, पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या तपासात. आमच्याकडे आज वरणभात.

काळा_कोट
बोलला तरी पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्याने स्वतः नेऊन दाखवलेल्या वस्तू, जागा, यांना वजन. त्यात मनाने आजारी माणूस, म्हणजे त्याचा शब्द आणखी जपून तोलायचा. फाशीची शिक्षा झाली होती, १९८७ मध्ये हायकोर्टाने आजारामुळेच जन्मठेप केली. १९९५ ला पुण्यात ससून रुग्णालयात वारला.

गोरेगाव_पूर्व
त्या भिकाऱ्याचं पुढे काय झालं, बाबांना कधीच कळलं नाही.

मालाडकर
@कुकर_लावलाय, आईला विचारलं उजेडाचं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बादली भरत आल्याचा आवाज आठवतोय, बाकी काळोखच होता रे."

बदलापूर_लोकल
दादा, खिडकीला जाळी बसवून घ्या, माऊलीला वारा तरी लागेल. मालाडला कुठे, स्टेशनजवळ का? माझी मावशी तिथेच होती.