काचेच्या बशीतली पेशी मेली म्हणून पोटातली गाठ विरघळते का?

दांडियाबाजारकर

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, वय ५४. दारूचा थेंब नाही. डायबिटीस बारा वर्षांचा, पोट सुटलेलं. नोव्हेंबरात फायब्रोस्कॅन केला, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, आकडा आला १४.२. डॉक्टर म्हणाले, लिव्हर कडक झालंय, सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर चट्ट्यांनी भरून जाण्याच्या, उंबरठ्यावर आहात असं समजा. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी या लिव्हर कॅन्सरच्या खुणेची रक्ततपासणी, कारण अशा लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ धरू शकते. घरी पोचेपर्यंत वहिनीच्या फोनवर कुणी नातेवाइकाने क्लिप धाडलेली: हळदीतल्या करक्युमिनने लिव्हर कॅन्सरच्या पेशी मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. दुसऱ्या दिवशी दादा खंडेराव मार्केटजवळून एक पुडी घेऊन आला आणि जेवता जेवता म्हणाला, "मग मे महिन्यातली सोनोग्राफी कशाला?"

त्या एका प्रश्नापायी हा धागा काढलाय.

माझं मत सांगते. वनस्पतीतल्या घटकांवर संशोधन व्हायलाच हवं, जोरात व्हायला हवं. पण फॅटी लिव्हरमधून, म्हणजे दादासारख्या चरबीने भरलेल्या लिव्हरमधून, होणाऱ्या कॅन्सरवर आज चूर्ण, काढा, कॅप्सूल 'उपाय' म्हणून कुणी देत असेल तर ते चूक आहे. क्लिप खोटी नाही, अर्धी आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत पेशी खरंच मरतात. पण तिथे करक्युमिन थेट पेशींवर ओततात. माणसाने काही ग्रॅम करक्युमिन गिळलं तरी रक्तात पोचतं ते त्या मात्रेच्या आसपासही नसतं. आतडं आणि लिव्हर मिळून त्याचं रूप बदलून बाहेर टाकतात. आणि हळदीच्या पुडीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के. हिशोब तुम्हीच करा.

वैद्यांचा_नातू

ताई, दादांची काळजी समजते, पण तुम्ही एका क्लिपचा राग सगळ्या शास्त्रावर काढताय. आमच्या आजोबांचं रावपुऱ्यात औषधांचं दुकान होतं. कुटकी, भुईआवळा, पुनर्नवा ही यकृताची औषधं काल फोनवर जन्मलेली नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीतूनच पिक्रोलिव्ह नावाचा यकृतासाठीचा अर्क काढला. मग अडतं कुठे? पैशावर. हळदीचं पेटंट कुणाला मिळणार नाही. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत १९९५ साली दिलेलं पेटंट आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ साली रद्द करवलं, ते योग्यच झालं. पण ज्यावर मालकी नाही, त्याच्या हजारो रुग्णांवरच्या चाचणीला कोटी रुपये कोण घालणार? चाचणी झाली नाही म्हणून औषध खोटं ठरत नाही.

आणि ॲलोपॅथीने तरी काय दिलं? सोराफेनिब ही लिव्हर कॅन्सरची गोळी २००८ च्या मोठ्या चाचणीत गाजली. गोळी न घेणारे मध्यमानाने ७.९ महिने जगले, घेणारे १०.७. तीन महिनेसुद्धा नाहीत. त्यात हातापायाची सालं निघणं, जुलाब. अशा वेळी माणूस कुटकीकडे वळला तर त्याला मूर्ख समजू नका.

दांडियाबाजारकर

मूर्ख कुणालाच म्हटलं नाही, दादाला तर नाहीच. तीन महिन्यांचा मुद्दा मान्य, तो मलाही टोचतो. पण ते तीन महिने मोजता आले कारण दोन गट करून, एकाला खोटी गोळी देऊन, माणसं मोजली. कुटकीचा तसा आकडा द्या, मी पुडी स्वतः आणीन.

औषधशाळेत_३४_वर्षं

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. बडोद्यातल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आयुष्य गेलं, तेवढ्यावरून लिहितो.

वनस्पतीतून कॅन्सरचं औषध मिळतं का, हा वादच नाही. कमाटीबागेच्या वाफ्यांत सदाफुली बघता ना, गुजरातीत बारमासी म्हणतात ती? व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं तिच्यातलीच. सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्याच घटकावरून इरिनोटेकॅन बनलं. पॅक्लिटॅक्सेल आलं पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून, १९९२ साली त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण यातलं एकही काढा करून देत नाहीत. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून मूठभरही घटक निघत नाही, आणि जो निघतो तो इतका जहाल की मिलिग्रॅमात तोलून शिरेतून द्यावा लागतो. सदाफुलीची पानं उकळून प्यायलात तर एक तर काही होणार नाही, नाही तर नको ते होईल. यातलं कोणतं, हे पानं सांगत नाहीत.

हळदीचं सांगतो. अर्काचा थेंब पातळ लेपाच्या पट्टीवर टाकून ती द्रावकात उभी केली की पिवळे ठिपके वर चढतात. एक नाही, तीन: करक्युमिन आणि त्याचे दोन भाऊ. अतिनील दिव्याखाली ते चमकतात. वेगवेगळ्या गोण्यांतल्या हळदीच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर ठिपके त्याच जागी, पण एकाचा गडद, दुसऱ्याचा फिका. कधी चौथाच ठिपका दिसे, जो हळदीत असायलाच नको. मग त्या पोत्यावर लाल चिठ्ठी. ही पट्टी मी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही, आणि म्हणून 'हळदीने' हा शब्द ऐकला की मी विचारतो: कुठल्या हळदीने, किती करक्युमिनने?

वैद्यांचा_नातू

काका, हे कुठल्याही पुडीला लागू आहे. भेसळ हा व्यापाऱ्याचा दोष, वनस्पतीचा नव्हे. आणि हळद एकटी कुणी देत नाही, मिरी घालून देतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ साली दाखवलं गेलं की मिरीतल्या पिपरीनने करक्युमिन रक्तात वीस पट चढतं. पूर्वजांना हे प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं.

पेशी_आणि_मी

मी पेशींवरच काम करते, पीएचडीचं तिसरं वर्ष. दोन्ही बाजूंना थोडं बोलायचंय.

आधी ताईंना. बशीला कमी लेखू नका. एपिमेडियम नावाच्या वनस्पतीतल्या घटकावरून आलेल्या इकारिटिनला चीनने जानेवारी २०२२ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या लिव्हर कॅन्सरसाठी सशर्त मंजुरी दिली. म्हणजे बशीतून निघून रुग्णापर्यंत वाट जाते. मात्र त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण हिपॅटायटिस बी या विषाणूचे होते, दादांसारखे नाहीत.

फरक इथेच आहे. विषाणूने होणारा कॅन्सर आणि चरबीतून होणारा कॅन्सर यांचा रस्ता वेगळा. दुसऱ्यात इन्सुलिन नीट काम करत नाही, लिव्हर चरबीने भरतं, ती चरबी पेशींना जाळते, दाह, मग चट्टे, मग कधी गाठ. आणि कधी कधी सिरोसिस होण्याआधीच गाठ. म्हणून दारुहळदीतल्या बर्बेरिनकडे आम्ही आशेने बघतो: ते एएमपीके नावाचा चरबी-साखरेचा खटका दाबतं. गाठ मारण्यापेक्षा गाठीची जमीन बदलणं, तिथे वनस्पतींना खरी संधी आहे असं मला मनापासून वाटतं.

आता वैद्यांच्या नातवाला. तुम्हाला येणाऱ्या बऱ्याच क्लिपांमागे हेपजीटू नावाच्या पेशी असतात. त्या १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून घेतल्या. पुढे कळलं की ती गाठ मुलांमध्ये होणाऱ्या वेगळ्याच प्रकारची होती. चोपन्न वर्षांच्या डायबिटीसवाल्या माणसाच्या लिव्हरशी तिचं नातं केवढं? मी रोज सकाळी त्याच पेशींना खायला घालते, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

मिरीचं खरं आहे. पण ती करक्युमिन वाढवते कशी? लिव्हर ज्या यंत्रणेने ते बाहेर काढतं, तिलाच अडवून. तीच यंत्रणा दादांच्या बाकी गोळ्यांनाही लागते. इटलीत आणि अमेरिकेत हळदीच्या तीव्र कॅप्सूल घेतलेल्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत, त्यांतल्या कित्येकांत मिरीचा अर्क होता. जेवणातल्या हळदीबद्दल हे नाही.

हरणी_रोड

कॉफीचं काय? की तेही फॉरवर्डच?

पेशी_आणि_मी

कॉफीचं निरीक्षण पक्कं आहे, पिणाऱ्यांत लिव्हर कॅन्सर कमी आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेही २०१६ साली ते नोंदवलं. पण गाठ झाल्यावर कॉफी औषध नाही. आणि बिनसाखरेची.

मकरपुऱ्याहून

मी सहसा लिहीत नाही. बाबांच्या सोनोग्राफीत २.३ सेंटिमीटरची गाठ दिसली होती. त्या मापाला सुई घालून जाळता येते, डॉक्टरांनी तारीखही दिली होती. कुणीतरी सांगितलं, नऊ महिने आमचा काढा घ्या, सुई लावली की पसरतं. बाबा सुईला घाबरायचे, त्यांना ते हवंच होतं. रोज पहाटे आई पितळी पातेल्यात उकळायची, घरभर कडवट वास. नऊ महिन्यांनी गाठ लिव्हरच्या मोठ्या शिरेत शिरली होती. काढ्याने वाढली असं मी म्हणत नाही. नऊ महिने गेले, एवढंच. ते पातेलं आई अजून वापरत नाही.

वैद्यांचा_नातू

ताई, वाईट वाटलं. सुई लावली की पसरतं असं सांगणारा वैद्य नव्हे. मी कुणालाही सोनोग्राफी सोडा म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. गुळवेलीच्या वेळी काय झालं आठवा. मुंबईत २०२० साली सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाली, बातम्या गाजल्या, आणि लोक घरातला वेल उपटून टाकू लागले. आयुष मंत्रालयाने तेव्हाच म्हटलं होतं की त्याच कुळातला दुसरा वेल गुळवेल समजून घेतला जाण्याची शक्यता आहे.

औषधशाळेत_३४_वर्षं

मग माझाच मुद्दा झाला ना? जाणकारही ज्या दोन वेलींत गफलत करतो, त्या ओळखायच्या दादांनी? आणि भुईआवळा आठवा. १९८८ साली लॅन्सेटमध्ये आलं, ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीची खूण गेली. आम्ही कारखान्यात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पुढच्या चाचण्यांत तसं दिसेना. हा अपमान नाही भुईआवळ्याचा. दुसऱ्यांदा मोजलं म्हणून कळलं.

ताई, पुडीवर काय छापलंय ते वाचून सांगता?

दांडियाबाजारकर

आत्ता हातात घेऊन बसलेय. हिरवं वेष्टन, वर यकृताचं चित्र. 'शंभर टक्के नैसर्गिक, गाठीवर रामबाण.' घटकांच्या जागी 'हळद व इतर दिव्य वनौषधी'. बॅच नंबर नाही. बनवल्याची तारीख नाही. परवाना क्रमांक नाही. पत्ता फक्त एक मोबाइल नंबर.

वैद्यांचा_नातू

ही मीही देणार नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आमच्या दुकानात आजोबांनी तो कागद चौकटीत लावला होता. तक्रार करा. पण 'इतर दिव्य वनौषधी' लिहिणाऱ्यावरून कुटकीला जोखू नका, एवढं ऐका. दादांचं वजन किती?

दांडियाबाजारकर

नोव्हेंबरात ९१. आज सकाळी ८७. डॉक्टरांनी दहा टक्के सांगितलंय, म्हणजे ८२ पर्यंत उतरायचंय. शनिवारचा फाफडा बंद केलाय, रात्रीचं जेवण साडेसातला. थंडीतली ओली हळद मात्र सोडणार नाही म्हणतो, लोणच्यासाठी आजच पाव किलो आणली. त्याला कुणाची हरकत नाही ना?

पेशी_आणि_मी

अजिबात नाही. मीठ बेताचं घाला. आणि मेची तारीख आजच लिहून ठेवा.